बोट लावलेला पेला

इंदाई गान्याच्या तुआकला, म्हणजे तिच्या हातच्या तांदळाच्या दारूला, आमच्या घरात तीस वर्षं कुणी तोंड लावलं नाही, फक्त बोट लावलं. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याला आमच्याकडचा अपमान म्हणजे काय ते कळायचं नाही.

आमच्याकडे कुणी काही खायला-प्यायला पुढे केलं आणि आपल्याला ते नको असलं, तर नुसतं 'नको' म्हणून चालत नाही. तसं उठून गेलात तर वाटेत साप चावतो, नाहीतर नदीत मगर पाय धरते. अशी मेलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात एकेक असतातच. म्हणून पेल्याला बोट लावायचं, ते बोट आपल्या गळ्याला लावायचं, हसायचं आणि पेला परत करायचा. सापही खूश, मगरही खूश. ही रीत इतकी सभ्य आहे की तिच्या आडून माणसाला माणूस हवा तेवढा झोडपता येतो, आणि आपाई लुन्साने इंदाई गान्याला तसंच झोडपलं.

आमचं घर अठरा दारांचं. सारावाकातल्या स्क्रांग नदीच्या काठी एकाच छपराखाली अठरा कुटुंबं राहतात आणि प्रत्येकाच्या खोलीचं दार एकाच लांबलचक पडवीत उघडतं. नदीच्या खालच्या अंगाला पहिलं दार, वरच्या अंगाला अठरावं. चौथ्या दारात आपाई लुन्सा राहतो, अठराव्यात इंदाई गान्या. आपाई म्हणजे बाप आणि इंदाई म्हणजे आई. पहिलं मूल झालं की आमच्याकडे माणसाचं स्वतःचं नाव गळून पडतं आणि तो लुन्साचा बाप होतो, ती गान्याची आई होते. पण हे सगळं सुरू झालं तेव्हा गान्या जन्मायचा होता. तेव्हा ती नुसती दिमा होती, एकवीस वर्षांची, लग्न होऊन आठ महिने झालेली.

माहेराहून येताना तिने काय आणलं, तर दोन रांजण, आईने विणलेलं एक कापड आणि खमिराच्या वड्यांची माळ. या वड्या तिच्या आईच्या हातच्या. तांदळाचं पीठ, कुळंजन, दालचिनी, मिरी आणि आणखी एक पाला, ज्याचं नाव आईने फक्त दिमाच्या कानात सांगितलं होतं. वडी चांगली असली की तुआक निम्मी झालीच. उरलेलं निम्मं हाताचं काम: चिकट तांदूळ शिजवायचा, चटईवर पसरून पार गार होऊ द्यायचा, मग वडी कुटून वर भुरभुरायची आणि रांजणात भरून तोंड बांधायचं. घाई करून भात कोमट असताना खमीर लावलं की बिघडलीच म्हणून समजा.

आणि हे करताना मनात राग नको. रागावलेल्या बाईच्या हातची तुआक आंबट होते, असं आमच्या बायका मानतात, आणि पुरुष तर फारच मानतात, कारण त्यांना ते सोयीचं आहे. नवऱ्याशी वाजलं असेल त्या दिवशी बाई तांदूळ भिजत घालत नाही. त्यामुळे एखादीची तुआक आंबट आहे असं म्हणणं म्हणजे ती बाई आतून कशी आहे ते चारचौघांत सांगणं असतं.

आपाई लुन्साला सगळे घराची जीभ म्हणायचे. खोटं कशाला बोला, माणूस कसाही असला तरी जीभ खरी होती. एका घोटात तो सांगायचा की तांदूळ डोंगरावरचा की दलदलीतला, पाणी ओढ्याचं की टाकीचं, रांजण मातीचा की प्लॅस्टिकचं पिंप. बेतोंग गावातल्या कॉफीच्या दुकानात एकदा लोकांनी त्याचे डोळे बांधले आणि चार पेल्यांत बिअर दिली. तीन पेल्यांतल्या कंपन्या त्याने ओळखल्या. चौथा पेला त्याने तोंडातून बाहेर काढला आणि म्हणाला, ह्यात पहिली आणि तिसरी कुणी मिसळली, त्याने मला आता नवीन बाटली पाजावी. चिनी दुकानातली तांदळाची दारू, जहाजावरच्या लोकांनी आणलेली ब्रँडी, सगळ्यांना त्याच्यापुढे खाली मान घालावी लागायची. आमच्याकडे तुआक भट्टीवर चढवून कडक लांगकाऊ काढतात. ती एकाने त्याला दिली, तर हा म्हणाला, नळी तांब्याची नाही वापरलीस. खरंच नव्हती.

जूनच्या पहिल्या दिवशी आमचा गावाईचा सण. भात घरात आलेला असतो, शहरात गेलेली पोरं परत आलेली असतात, वरच्या-खालच्या अंगाची पाहुणे मंडळी होड्यांनी येऊन पडवीत दोन रांगांत बसलेली असतात. मग सकाळी जिभेची फेरी निघते. पुढे आपाई लुन्सा, मागे झांज वाजवणारा. प्रत्येक दारात त्या घरची बाई एनॅमलचा पेला घेऊन उभी. हा डोळे मिटून एक घोट घेतो, एक वाक्य बोलतो, झांज वाजते, पुढचं दार. शेवटी तो एका दाराचं नाव घेतो, आणि त्या दाराची तुआक आधी मुखियाला आणि पाहुण्यांना दिली जाते. त्याची ही वाक्यं मग वर्षभर नदीवर कपडे धुताना चघळली जातात.

पहिला नंबर नेहमी चौथ्या दाराचाच यायचा. म्हणजे त्याच्या बायकोचं. लोक म्हणायचे, जिभेच्याच घरात चांगली तुआक नसेल तर मग असेल कुठे?

तर दिमाची ती पहिली गावाई. तिची आई वरच्या अंगाहून दीड दिवस होडीतून आली होती, दहा नातेवाइकांना घेऊन. लेकीच्या दारासमोर पुढच्याच रांगेत बसली होती. जिभेची फेरी अठराव्या दाराशी आली. दिमाने पेला दिला. आपाई लुन्साने डोळे मिटले, घोट घेतला आणि तोंडात धरला. बराच वेळ धरला. झांजवाला हात उचलून थांबलेला. मग त्याने डोळे उघडले, चौथ्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि तो घोट फळ्यांच्या फटीतून खाली थुंकला. खाली डुकरं होती, ती धावली.

"आंबट," तो म्हणाला. "रागीट बाई आणलीय रे घरात."

पडवी हसली. दोन्ही रांगा हसल्या. दिमाचा नवराही हसला. पुढे तो म्हणायचा, सगळेच हसत होते, मी एकटा काय करू? हसली नाही ती फक्त तिची आई. ती उठली, लेकीच्या हातातला पेला घेतला, उभ्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, पेला पालथा करून लेकीच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. सण चार दिवसांचा असतो. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीत बसली आणि आमच्या घरी पुन्हा कधी आली नाही. गान्या झाला तेव्हाही नाही. चार वर्षांनी ती गेली. आणि इकडे दिमाचं नाव आंबट दिमा पडलं, गान्या झाल्यावर आंबट इंदाई.

एवढंच असतं तर कदाचित तिने गिळलं असतं. मान खाली घालून तिने स्वतःलाच विचारलं असतं की भात कोमट होता का, वड्या होडीत ओलावल्या होत्या का. पण सणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर होड्यांची शर्यत बघायला नदीवर गेलं असताना ती माळ्यावर भात काढायला चढली होती. खाली रांजणाचं झाकण वाजलं. तिने शिडीच्या तोंडातून वाकून पाहिलं. आपाई लुन्सा तिच्या रांजणापाशी उकिडवा बसला होता. एक ओगराळं प्यायला. दुसरं प्यायला. तिसरं तोंडात धरून तो तसाच डोळे मिटून बसून राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने वर पाहिलं आणि त्याला शिडीच्या तोंडाशी तिचा चेहरा दिसला.

लाजला असता तरी बरं होतं. त्याने शांतपणे तोंड पुसलं.

"अशी तुआक मी जन्मात प्यालो नाही," तो म्हणाला.

"मग थुंकलात का?"

"चौथ्या दारात माझी बायको आहे." तो उठला. "जा, सांग सगळ्यांना. जिभेचं ऐकतील की आंबट दिमाचं, बघ विचार करून."

तिने कुणाला सांगितलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच ते तिला जास्त लागलं. त्या दिवसापासून तिने त्याच्यावर डूख धरला, आणि तो इतक्या निगुतीने सांभाळला की पाहणाऱ्याला ती नुसती अबोल बाई वाटावी.

पुढच्या गावाईपासून अठराव्या दारी आपाई लुन्सा पेल्याला बोट लावायचा, बोट गळ्याला टेकवायचा आणि म्हणायचा, "माफ कर वहिनी, पोटात अल्सर आहे." सतरा दारांची तुआक त्याच अल्सरावर ओतून आलेला असायचा. लोकांना वाटे, चेष्टा करतोय. इंदाई गान्याला मात्र कारण ठाऊक होतं. त्याला स्वतःच्या तोंडाचा भरवसा नव्हता. तिची तुआक घशाखाली उतरली असती तर त्याचा चेहरा सगळ्या पडवीला दिसला असता. पण जिभेने बोट लावलं की पाहुणेही बोटच लावणार. वर्षामागून वर्षं तिचा रांजण भरलेलाच राहायचा. सण संपला की ती त्याची लांगकाऊ काढायची आणि मिरीच्या मळ्यातून आल्यावर गुडघ्यांना चोळायची. असले महागडे गुडघे सगळ्या सारावाकात कुणाचे नसतील.

नवरा मिरी नावाच्या शहराकडे, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला गेला; सणाला यायचा, झोपायचा, जायचा. गान्या मोठा झाला, कुचिंगला वीजमिस्त्री झाला, त्याला मुलगी झाली. या सगळ्यांत इंदाई गान्याने एकही वर्ष तुआक चुकवली नाही. अडचण एकच होती: रागाची. पहिली काही वर्षं ती तांदूळ शिजवायच्या आधी मळ्यात जाऊन मिरीच्या वेलांना मनसोक्त शिव्या देऊन यायची, म्हणजे घरी येईपर्यंत मन रिकामं व्हायचं. मग तिला एक शोध लागला. सूड कसा घ्यायचा हे ठरवत बसणं म्हणजे राग नव्हे, तो आनंद असतो. मग चटईवर भात गार होत असताना ती मांडी घालून बसायची आणि आपाई लुन्साला होडीतून पाडायची, त्याची जीभ सुजवायची, एखाद्या चांगल्याशा मगरीशी त्याची गाठ घालून द्यायची. गालावर खळी पडलेली असायची. तुआक दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा गोड उतरायची.

कदाचित हे असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी आपाई लुन्साला जिल्ह्याच्या तुआक स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. पन्नास घरांच्या तुआका चाखून तो गळ्यात पट्टा घालून परत आला आणि पडवीत बसून सगळ्यांना धडे द्यायला लागला. बिअर तहानेसाठी असते, म्हणाला, तिच्यात कुणाचा हात दिसत नाही, यंत्र दिसतं. व्हिस्की घाबरट माणसांसाठी, एका घोटात धीर यावा म्हणून. द्राक्षाची वाईन तर तिथे एका साहेबाने पाजली, ती पिण्याआधी माणसाला खुर्चीत नीट बसावं लागतं. पण तुआकमध्ये बनवणारीचं काळीज उतरतं, आणि म्हणूनच तीस वर्षं मला अठराव्या दाराला नुसतं बोट लावावं लागतं.

पडवी हसली. त्या हसण्यात इंदाई गान्याची सहा वर्षांची नात होती. तिला काही कळलं नव्हतं, सगळे हसले म्हणून तीही हसली, आणि आजीकडे बघून तिने आपलं इवलंसं बोट गळ्याला लावून दाखवलं. इंदाई गान्याने तिला जवळ घेतलं आणि त्याच क्षणी मगरीचा नाद सोडून दिला. मगर येईल तेव्हा येईल. हे काम आपल्यालाच करायला हवं होतं.

भात घरात आल्यावर तिने आईच्या वड्यांवरून जपत आणलेलं खमीर लावून एकच मोठा रांजण भरला. तीन आठवड्यांनी एक छोटी बाटली कमरेला खोचून ती दारोदार निघाली. कुणाकडे आलं मागायला, कुणाकडे चाळण परत करायला. सतराव्या दारच्या बाईने घोट घेतला आणि विचारलं, कुणाची गं ही? माझी, असं इंदाई गान्या म्हणाली.  त्या बाईने आणखी एक घोट मागितला, आणि मग जुनी जखम उघडी केली: तिच्या तुआकला जिभेने एका वर्षी 'पोर न्हाऊ घातलेलं पाणी' म्हटलं होतं. प्रत्येक दाराचं असं एकेक वाक्य होतं. कुणाची खोकल्याचं औषध, कुणाची भांडी विसळलेलं पाणी, आणि ज्यांना ती वाक्यं मिळाली होती त्या बायकांना ती तारीख-वारासकट पाठ होती. एप्रिलअखेरीस सोळा दारं इंदाई गान्याच्या बाजूला होती. राहिलं चौथं.

चौथ्या दारावर ती आपाई लुन्सा रबराचा चीक काढायला गेला असताना गेली. त्याची बायको इंदाई लुन्सा बांबूचे कोंब चिरत बसली होती. इंदाई गान्याने आडवळण न घेता बाटली पुढे केली. इंदाई लुन्साने वास घेतला, प्यायली, सुरी खाली ठेवली.

"हीच का ती? जिला तो बोट लावतो?"

"हीच."

इंदाई लुन्साने बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "तीस वर्षं मी पहिली येतेय. आणि एक दिवस मला कळलं नाही गं, माझी तुआक खरंच कशी होते ते. विचारलं की म्हणतो, पहिली आलीस ना, आणखी काय पाहिजे?" तिने पुन्हा सुरी उचलली. "तुझी बाटली मलाही दे."

गावाईच्या सकाळी इंदाई गान्याने रांजण उघडला आणि अठरा बाटल्या भरल्या. मग पेटीतून आईने विणलेलं ते कापड काढलं. असल्या कापडाला आमच्याकडे कात्री लावत नाहीत. तिने कात्री लावली नाही. काठाच्या झालरीतले अठरा लाल धागे एकेक करून हातांनी सोडवले आणि एकेका बाटलीच्या गळ्याला बांधले. बाटल्या दारोदार गेल्या आणि दारांच्या आड उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या रांगा बसल्या. त्यांत तिच्या माहेरच्या घरचे दोघे-तिघे म्हातारेही होते. मुखिया उंगांगने खूण केली आणि झांज वाजली.

पहिल्या दारात आपाई लुन्साने डोळे मिटले आणि घोट घेतला. अठराव्या दारातून पहिलं दार दिसतं, चेहरा काही दिसत नाही. पण इंदाई गान्या कान देऊन उभी होती. झांज वाजायला हवी होती तेव्हा वाजली नाही. झांजवाला थांबला होता, कारण जीभ थांबली होती. मग त्याचा आवाज आला, पाणी जास्त झालंय वहिनी. झांज. दुसऱ्या दारात पुन्हा तोच खोळंबा. तिसऱ्या दारात घोट गिळल्यावर त्याने मान वळवली आणि पडवीच्या पार टोकाला, थेट तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे खाली केले नाहीत.

चौथ्या दारात त्याच्या बायकोने पेला दिला. तो प्यायला आणि दर वर्षीसारखंच म्हणाला, "हिला म्हणतात तुआक." बायको रिकामा पेला धरून तशीच उभी राहिली, आत गेली नाही.

त्यानंतर त्याने पायांचा वेग वाढवला. खमीर जुनं. तांदूळ कच्चा. बरी आहे. मागच्या वर्षीपेक्षा सुधारली. औषधाचा वास येतोय गं. एकाच रांजणातल्या एकाच तुआकला त्याने सतरा वेगवेगळी नावं ठेवली आणि पाहुणे प्रत्येक नावाला मान डोलवत होते. मग अठरावं दार आलं. घामाने त्याची मान ओली झाली होती. इंदाई गान्याने पेला पुढे केला. त्याने बोट लावलं, ते गळ्याला टेकवलं.

"माफ कर वहिनी, पोटात अल्सर आहे."

"दादा," ती म्हणाली, आवाज न चढवता, "सकाळपासून सतरा वेळा प्यालात. अठराव्या वेळेने काय होणार होतं?"

मुखियाला कळेना. तो म्हणाला, काय ते नीट सांग. तिने आपली बाटली दाराआडून काढून पडवीत ठेवली. सतराव्या दारच्या बाईने तिची काढली. मग सोळाव्या. एकेक दार करत लाल धाग्याच्या बाटल्या पडवीभर उभ्या राहिल्या, आणि बायका स्वतःच्या तोंडाने सांगत गेल्या, ही माझी नव्हे, ही इंदाई गान्याची. शेवटी चौथ्या दारची बाटली आली. ती ठेवताना इंदाई लुन्सा नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माझीही नव्हे. पण पहिली आली."

बाटल्या पाहुण्यांत फिरल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या तुआकला माणसांची तोंडं लागली. माहेरच्या घरच्या एका म्हाताऱ्याने घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, ही तर आमच्या दिमाच्या आईची आहे, ती जाऊन इतकी वर्षं झाली, ही आली कुठून? इंदाई गान्याने ते ऐकलं. तिचे डोळे भरले, पण तिने पेला हातातून सोडला नाही.

आणि मग हशा फुटला. तिला आयुष्यभर जो हशा ऐकावा लागला होता तोच, त्याच दोन रांगांचा, फक्त आज तो दुसऱ्या बाजूला चालला होता. पोरं मोबाइलवर चित्रं घेत होती. कुणी म्हणालं, जिल्ह्याला कळवा रे, परीक्षकाला सतरा आणि एकातला फरक कळत नाही. म्हातारा झाला, जीभ गेली, असं दुसरं कुणी कळवळून म्हणालं, आणि आपाई लुन्सा हशाने नव्हे, त्या कळवळ्याने पांढरा पडला.

"मी पहिल्याच दारात ओळखली होती," तो म्हणाला.

हशा दुप्पट झाला. मुखिया उंगांग समजावणीच्या सुरात म्हणाला, असू दे, वय होतं सगळ्यांचं. ओळखली होतीस तर मग बोलला का नाहीस? याचं उत्तर आपाई लुन्साकडे होतं, पण ते तीस वर्षं लांब होतं. तो इंदाई गान्याकडे वळला.

"हिला ठाऊक आहे. मी खरं बोलतोय, विचारा हिला." त्याचा आवाज चिरकला. "वहिनी, त्या दुपारी माळ्यावरून तू पाहिलंस. माझी जीभ कशी आहे ते तू पाहिलंयस. खोटारडा म्हण मला, थुंक माझ्यावर. पण ओळखली होती एवढं सांग यांना."

 त्याने स्वतः बोट लावलेला तो पेला तिच्या हातून घेतला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आमच्याकडे असा पेला घेऊन प्यायलं की मागचं सगळं मिटलं, असं धरतात.

तिला ठाऊक होतंच. चुकलेली झांज तिने ऐकली होती. त्या क्षणी अख्ख्या घरात ती एकटीच होती जिला खात्री होती की त्याची जीभ आजही तितकीच खरी आहे. एका वाक्यात ती त्याला परत मिळाली असती. आणि आज आंबट दिमाचं ऐकायला अठरा दारं, दोन रांगा पाहुणे आणि मुखिया, सगळे कान टवकारून बसले होते.

इंदाई गान्याने पेल्याला बोट लावलं. ते बोट तिने आपल्या गळ्याला टेकवलं. तीस वर्षांनी तिच्या गालावर सगळ्यांसमोर खळी पडली.

"माफ करा दादा," ती म्हणाली, "पोटात अल्सर आहे."

मग ती वळली आणि पाहुण्यांना वाढायला लागली.